बाकी साडीच तर आहे

खांद्यांच्या वर काही नाही. मानेच्या जागी वाटीसारखी एक खोबण आहे, तिच्या कडा बऱ्यापैकी स्वच्छ. डावा हात पोटावर आडवा, त्याच्या मनगटावर उजव्या हाताचं कोपर टेकलेलं, आणि हनुवटीकडे निघालेला तो उजवा हात वाटेतच तुटलेला. घोट्यांच्या जरा वर दगड संपतो. मधे जे उरलं आहे ते सगळं कापड.

युरोपात शिकायला गेलेल्या माझ्या एका विद्यार्थिनीने तिथल्या संग्रहालयातून हे फोटो पाठवले. पाटीवर मोजकीच माहिती होती: रोमन, संगमरवर, वस्त्र ल्यालेल्या स्त्रीचा पुतळा, भग्न. पोरगी हुशार. पुढून, दोन्ही बाजूंनी, आणि पुतळा व भिंत यांच्यामधल्या फटीत मोबाईल धरून पाठीमागूनही तिने फोटो काढले. खाली लिहिलं होतं, "मॅडम, डोकं असतं तर किती भारी दिसला असता ना?"

तिला उत्तर लिहायला बसले आणि ते इतकं लांबलं की इथेच टाकते आहे. कारण माझं उत्तर नुसतं 'नाही' असं नाही. हा पुतळा बघून गेल्या काही महिन्यांतली माझ्या मनातली एक गाठ सुटायला लागली.

आमचं वर्कशॉप फुलेवाडीत. आबा मूर्तिकार होते, मीही तेच करते. आधी लोखंडी सांगाडा, त्यावर शाडू, मग प्लॅस्टरचा साचा, मेणकाम आणि शेवटी ओतकाम. कोल्हापुरात ओतकाम करणाऱ्यांची वाण नाही. सध्या स्टँडवर एका बाईंचा पुतळा आहे. करवीर तालुक्यातल्या एका गावात त्यांनी बालवाडी काढली, बायकांना सही करायला शिकवलं, पाण्यासाठी मोर्चे नेले. गावाने वर्गणी काढून पुतळा करायचं ठरवलं. समितीची मंडळी भेटायला येतात ती चपला बाहेर काढून, मातीला नमस्कार करून आत येतात. इतकी भली माणसं. पण दर वेळी बोलणं एकच: "चेहरा हुबेहूब आला पायजे बघा ताई. बाकी काय, साडीच तर हाय."

चेहऱ्याबद्दल त्यांचं चुकत नाही. ज्यांनी त्या बाईंना पाहिलंय त्यांना त्याच दिसायला हव्यात. पण "बाकी साडीच तर हाय" हे वाक्य माझ्या डोक्यात बसून राहिलं होतं. पुतळ्याचा जवळजवळ नऊ दशांश भाग त्या 'बाकी'त येतो.

आणि मग ही रोमन बाई आली. तिचं गिऱ्हाईक जे मागून घेऊन गेलं असेल तेवढंच नेमकं गळून पडलेलं, आणि 'बाकी' सगळं शाबूत.

मानेजवळच्या त्या खोबणीकडे नीट बघा. हे डोकं कुणी फोडून काढलेलं नाही. फोडलेला संगमरवर खडबडीत, साखरेच्या खड्यासारखा चमकतो. इथे खोलगटपणा टाकीने मुद्दाम केलेला आहे. म्हणजे डोकं वेगळ्या दगडात घडवून, मानेखाली गोलसर बुंधा ठेवून, तो या वाटीत बसवलेला होता. रोमन कारागिरांची ही नेहमीची रीत. अंग एकाने करावं, चेहरा त्यातल्या जाणत्याने. चेहऱ्यासाठी जास्त चांगला, बारीक कणांचा दगड वापरायचा, अंगासाठी दुसरा. हातांचे पंजेही पुष्कळदा वेगळे करून लोखंडी खिळीने जोडायचे आणि फटीत शिसं ओतायचे. आम्हीसुद्धा डोकं वेगळंच करतो. ते आधी समितीला दाखवून मंजूर करून घ्यायचं आणि मग धडावर चढवायचं. हे वाचताना मला फार जवळचं वाटलं. दोन हजार वर्षांपूर्वीही चेहरा दाखवायला नेताना कुणाची तरी छाती धडधडली असेल.

अंग मात्र रोमन लोक ठरलेल्या प्रकारांतून निवडत. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात साम्राज्यभर प्रतिष्ठित बायकांचे पुतळे चौकात, नाट्यगृहात, थडग्यांवर उभे राहत होते, आणि त्यांच्या उभं राहण्याच्या तऱ्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. इटलीतल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेल्या हर्क्युलेनियम शहराच्या नाट्यगृहात अठराव्या शतकाच्या सुरुवातीला अशा स्त्रियांचे पुतळे सापडले. ते आधी व्हिएन्नाला गेले आणि 1736 मध्ये विकत घेतले जाऊन ड्रेस्डेनला. त्यांच्यावरूनच अभ्यासक 'मोठी हर्क्युलेनियम स्त्री' आणि 'छोटी हर्क्युलेनियम स्त्री' असे दोन प्रकार ओळखतात. अंग तेच, पदराची ओढ तीच, चेहरा ज्या त्या बाईचा. असे पुतळे इटली, ग्रीस, आजचं तुर्कस्तान, उत्तर आफ्रिका अशा सगळ्या भागांत मिळाले आहेत. माझ्या फोटोतली बाई तिसऱ्या प्रकारची. एक हात पोटावर, दुसऱ्याचं कोपर त्यावर, बोटं डोक्यावरून घेतलेल्या वस्त्राच्या काठाकडे. या प्रकाराला पुडिसिटिया म्हणतात. शील आणि मर्यादा यांची ती रोमन देवता. अशी उभी बाई ग्रीक प्रदेशातल्या थडग्यांवरच्या उठावशिल्पांतही खूप दिसते.

ही उभं राहण्याची तऱ्हा मी पुस्तकात पाहण्याच्या कितीतरी आधी आमच्या गल्लीत पाहिली आहे. कुणाकडे वाईट बातमी आली की दारात उभ्या राहिलेल्या बायका अशाच उभ्या असतात. एक हात पोटाशी, दुसरा पदर धरून तोंडाशी.

मग हे सगळे पुतळे एका साच्यातले झाले का? नाही. साचा मातीला, मेणाला आणि धातूला. दगडात साचा चालत नाही. मूळ नमुन्यावरची ठरावीक टोकं मापून ती नव्या दगडावर घ्यायची एवढी मदत होती. त्यापुढे प्रत्येक चुणी कुणीतरी पुन्हा कोरलेली आहे. म्हणून एकाच प्रकारचे दोन पुतळे शेजारी ठेवले तर कारागीर वेगळा आहे हे कापड लगेच सांगतं. एकाच्या चुण्या दोऱ्या चिकटवल्यासारख्या, दुसऱ्याच्या आत श्वास.

माझ्या विद्यार्थिनीने पाठवलेली बाई या दुसऱ्या, श्वास असलेल्या जातीची आहे. आता तिच्या कापडात आत शिरू.

रोमन बाई आत अंगरख्यासारखी तुनिका घालायची, लग्न झालेली असेल तर त्यावर स्टोला हा लांब झगा, आणि सगळ्यांच्या वरून पाल्ला. पाल्ला म्हणजे मोठं, आयताकृती, बिनशिवणीचं वस्त्र, बहुधा लोकरीचं. खांद्यावरून घ्यायचं, पाठीमागून फिरवायचं, काखेखालून किंवा हातावरून पुढे आणायचं, हवं तर डोक्यावरून घ्यायचं. पिन नाही, गाठ नाही. ते वस्त्र अंगावर टिकतं ते बाईच्या हाताच्या धरण्यामुळे. त्यामुळे या पुतळ्यात हात मोकळे नाहीत. पोटावरचा तो आडवा हात नुसता शोभेला ठेवलेला नाही, सगळं वस्त्र त्याने आवरून धरलं आहे. तिच्या मनगटाखाली कापडाचा जो झोळ पडलाय तो त्या धरण्याचं वजन दाखवतो.

नवख्या मुलांना ड्रेपरी, म्हणजे अंगावरच्या कापडाच्या चुण्या, शिकवताना मी हेच पहिलं सांगते. चुणी कुठून निघते ते शोधा, कुठे जाते ते नंतर. कापड जिथे टेकतं किंवा ओढलं जातं तिथून चुण्या फुटतात: खांदा, कोपर, कंबर, गुडघा. दोन आधारांच्या मधे सुटलेलं कापड झोळ धरतं. एकाच आधारावरून लोंबलेलं कापड नळ्या धरतं. दुमडलं तर नागमोडी काठ. या पुतळ्याचा डावा पाय भार घेऊन उभा आहे. त्या बाजूला तुनिकेच्या सरळ नळ्या खाली जमिनीकडे जातात, जवळजवळ खांबासारख्या. उजवा गुडघा सैल आहे, थोडा पुढे. तिथे पाल्ला ताणली जाते, चुण्या गुडघ्यावर विरून जातात आणि त्याच्या बाहेरच्या बाजूने पुन्हा जमतात. पाय दिसत नाही, गुडघा दिसत नाही, तरी ती कुठल्या पायावर उभी आहे याबद्दल पाहणाऱ्याला शंका राहत नाही.

आबा म्हणायचे, "आगं, आदी गुडगा बसीव, मग लुगडं." ते मॉडेल म्हणून आईला उभं करायचे, नऊवारी नेसून, एक हात कमरेवर. मी शाडू मळत असायची. आई तास तासभर उभी राहायची आणि मग म्हणायची, "मी दमलो आता, भाजी राहिल्या." ती जरा हलली की सगळ्या चुण्या बदलायच्या आणि आबा हातातलं कोरणं खाली ठेवायचे. त्यांनी तिला कधी "पुन्हा तशीच उभी राहा" असं म्हटलं नाही. नव्या चुण्या बघून नव्याने सुरुवात करायचे. कापड खोटं सांगत नाही असं त्यांना वाटायचं, आणि तेच मलाही वाटतं.

या पुतळ्यातली सगळ्यात अवघड गोष्ट मांडीवर आहे. तिथे पाल्लाच्या तिरक्या चुण्यांच्या खालून तुनिकेच्या उभ्या चुण्या पुसट दिसतात. कापडातून कापड. एकाच दगडात, एकाच पृष्ठभागावर, दोन वस्त्रं आणि त्यांची दोन जाडी. ही युक्ती रोमन कारागिरांना ग्रीकांकडून मिळाली. ग्रीसमधल्या देलोस बेटावर एका घरात क्लिओपात्रा नावाच्या बाईचा आणि तिचा नवरा डायोस्कूरिडीस याचा पुतळा मिळाला, इसवी सनापूर्वी 138च्या सुमाराचा. (इजिप्तची राणी ती वेगळी.) त्यातल्या क्लिओपात्राच्या वस्त्रातून आतल्या वस्त्राच्या चुण्या इतक्या स्पष्ट दिसतात की दगड आहे हे विसरायला होतं. दोघांचीही डोकी गेलेली आहेत. नावं बैठकीवर कोरली होती म्हणून राहिली. नवऱ्याने अपोलोच्या देवळात चांदीच्या दोन तिपाया वाहिल्या, हेही तिनेच तिथे लिहवून ठेवलं आहे.

हे संगमरवरात जमतं, कारण संगमरवर तुलनेने मऊ. त्यात खोल जाता येतं, आणि उजेड पृष्ठभागाच्या किंचित आत शिरून परत येतो. रोमन लोक खोल चुण्यांसाठी गिरमिटाने ओळीने भोकं पाडायचे आणि मधले पडदे टाकीने उडवायचे. फोटो मोठा करून बघितला तर पाल्लाच्या काठाजवळच्या घळीत त्या भोकांचे गोल तळ अजून दिसतात. कारागीर तिथपर्यंत गेला, पॉलिश मात्र तिथे पोचलं नाही. मला ती जागा फार आवडली. तिथे माणूस काम करत होता हे बोट लावून दाखवता येतं.

आमच्याकडचा दगड म्हणजे काळा बेसॉल्ट. कठीण आणि चिवट. अंबाबाईच्या देवळाच्या बाहेरच्या भिंतीवरच्या सुरसुंदरी बघा, किंवा खिद्रापूरला कोपेश्वराच्या भिंतीवरच्या बायका. तिथे वस्त्राला जाडी नाही. मांडीवरून जाणारी एक नाजूक रेघ, कमरेला मेखला, घोट्याजवळ काठ, बस्स. अंग हेच मुख्य आणि वस्त्र अंगावर रेघेने सांगितलेलं. यात कमी काही नाही. आमच्या शिल्पींना कापडाचं वजन दाखवायचंच नव्हतं, त्यांना अंगातला प्राण दाखवायचा होता. आणि गाभाऱ्यातल्या पाषाणाच्या अंबाबाईला तर रोज खरी साडी नेसवली जाते. दगडात कापड कोरायची गरज तिथे कुणाला पडावी? पण माझ्यासारखीला, जिला ब्राँझमध्ये साडी नेसलेली बाई उभी करायची आहे, तिला शिकायला या रोमन बाईंकडेच जावं लागतं. आपल्याकडे पुतळ्यांची ही रीतच मुळी ब्रिटिश काळात आर्ट स्कूलमधल्या प्लॅस्टरच्या कास्टांसोबत, म्हणजे साच्यातून काढलेल्या प्रतींसोबत, आली, आणि त्या कास्टा ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या होत्या.

रोमशी कोल्हापूरचा संबंध तसा त्याहून जुना. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर 1940च्या दशकात जे खणलं गेलं त्यात सातवाहनकाळच्या वस्तीबरोबर रोमन ब्राँझच्या वस्तू निघाल्या. टाऊन हॉलच्या संग्रहालयातला समुद्रदेव पोसायडन त्यातलाच. लहानपणी आबांचं बोट धरून मी तो पाहिला आहे. अगदी लहानसा. व्यापाऱ्याच्या सामानातून आला असेल. पुरुषभर उंचीचे संगमरवरी पुतळे कुणी इतक्या लांब आणत नव्हतं, त्यामुळे हे कापड बघायला आपल्याला फोटोच.

रंगाबद्दल न लिहिता पुढे जाता येत नाही. आज पांढराशुभ्र दिसणारा हा दगड पांढरा राहावा अशी कुणाचीच इच्छा नव्हती. रोमन आणि ग्रीक पुतळे रंगवलेले असत: केस, ओठ, डोळे, वस्त्राचे काठ, सगळं. 'इजिप्शियन निळा' नावाच्या रंगाचे डोळ्यांना न दिसणारे कण खास कॅमेऱ्याने घेतलेल्या फोटोत चमकतात. जर्मन अभ्यासक विन्झेन्झ ब्रिंकमन यांनी या पुतळ्यांच्या रंगवलेल्या प्रतिकृती करून 2003 पासून देशोदेशी दाखवल्या. लोकांना त्या भडक वाटतात. मला वाटत नाहीत. कापडातून कापड दिसण्याची ती युक्ती रंगाशिवाय अर्धीच आहे. आतलं वस्त्र एका रंगाचं, वरचं दुसऱ्या, आणि काठ तिसऱ्या, असं डोळ्यांसमोर आणलं की त्या मांडीवरच्या पुसट चुण्यांचं काम कळतं. इरकली नेसणाऱ्या बायकांच्या जिल्ह्यात राहून मला काठाचं महत्त्व वेगळं शिकायला नको.

आता डोक्याकडे. व्हेसुव्हियसच्याच राखेखाली गेलेल्या पाँपेई शहरात युमाकिया नावाची एक पुजारीण होती. चौकाला लागून तिने मोठी इमारत बांधून दिली, स्वतःच्या आणि मुलाच्या नावाने. तिचा पुतळा त्याच इमारतीत सापडला, आज तो नेपल्सच्या संग्रहालयात आहे. डोक्यावरून वस्त्र घेतलेली, शांत, देखणी बाई. तो उभारला फुल्लोनिसांनी, म्हणजे कापड धुणाऱ्या, लोकर घट्ट करणाऱ्या कारागिरांनी, आणि बैठकीवर तसं कोरून ठेवलं. गोमूत्र नव्हे, माणसांचं मूत्र भरलेल्या हौदांत पायाने कापड तुडवणारी ही माणसं. त्यांनी आपल्या पैशाने जो पुतळा केला त्यावर कापडाचा एवढा पसारा आहे. तो पुतळा बघताना त्यांची नजर आधी चेहऱ्यावर गेली असेल की वस्त्रावर? मला वाटतं वस्त्रावर. कोणती लोकर, किती जड, घडी कशी पडली, हे त्यांच्याइतकं कुणाला कळत होतं? इचलकरंजीतल्या एखाद्या विणकराला पुतळ्यापुढे उभा करा, तोही काठाकडे बघेल.

युमाकियाचं नाव, चेहरा, देणगीदार सगळं टिकलं. माझ्या फोटोतल्या बाईचं काही टिकलं नाही. जुन्या शहरांतला संगमरवर पुढे शतकानुशतकं चुन्याच्या भट्ट्यांत गेला. डोकी आणि हात भट्टीत टाकायला सोयीचे. आतल्या लोखंडी खिळ्या गंजून फुगल्या की दगड आतूनच फुटतो. तिचं डोकं कुठल्याही वाटेने गेलं असेल. पाटीवर 'अज्ञात स्त्री' असं लिहायची पद्धत आहे, पण मला ती पूर्ण अज्ञात वाटत नाही. ती कुठल्या पायावर भार देते हे मला माहीत आहे. वस्त्र कोणत्या हाताने धरते, ते किती जड आहे, आतलं किती पातळ आहे, हे माहीत आहे. तिला घडवणाऱ्याने तिच्या कोपराखालची सावली किती खोल घ्यायची यावर वेळ घालवला, हे माहीत आहे. चेहरा असता तर मी नाक-डोळे बघून, 'सुंदर' म्हणून पुढे गेले असते. म्हणून विद्यार्थिनीला मी लिहिलं, डोकं असतं तर तू तिच्याकडे एवढा वेळ बघितलंच नसतंस, बाळ.

शेवटचा फोटो पाठीचा आहे. तिथे काम अर्धवट सोडलेलं. चुण्या नुसत्या खुणेपुरत्या, टाकीचे फटके तसेच. असे पुतळे कोनाड्यात, भिंतीला लागून उभे करायचे, मागे कोण बघणार? कारागिराने तेवढा वेळ वाचवला, त्याला मी दोष देत नाही. पण आमचा पुतळा गावाच्या चौकात येणार. एका बाजूला शाळा, एका बाजूला पाण्याची टाकी, मागून एस.टी.चा रस्ता. त्या बाईंकडे शिकलेल्या पोरी रोज शाळेतून सुटतील तेव्हा त्यांना पाठच दिसेल.

गेल्या आठवड्यात समिती आली तेव्हा मी त्यांना पुढून काही दाखवलंच नाही. स्टँड फिरवून ठेवला होता, डोक्यावर ओलं फडकं. सगळे पाठीकडे बघत राहिले. पदर खांद्यावरून सोडलाय आणि त्याचं टोक उजव्या काखेखालून पुढे घेऊन कमरेला खोचलंय. त्या बाई मोर्चात असा खोचायच्या, हे मला त्यांच्या सुनेने सांगितलं होतं. एक म्हातारे गृहस्थ पुढे झाले, म्हणाले, "ह्या त्याच. चालत्यात बघा." चेहरा त्यांनी अजून पाहिला नव्हता.

पण पाठ अजून पुरी झालेली नाही. कासोट्याच्या वरची घडी कुठे संपते, पदर ओढला की पाठीवरचं लुगडं कुठे ताणतं, हे मी अंदाजाने केलंय आणि अंदाज मला पुरत नाही. आई असती तर तिला उभं केलं असतं. म्हणून एक मागणं. कोल्हापूरच्या आसपासच्या, रोज नऊवारी नेसून शेतात, बाजारात काम करणाऱ्या बायकांचे पाठमोरे फोटो तुमच्या घरच्या जुन्या अल्बममध्ये असतील तर मला पाठवा. कुणी मुद्दाम काढत नाही असे फोटो, मला माहीत आहे. पण लग्नाच्या वरातीत, पाणवठ्यावर, बैलगाडीमागे चालताना कुणीतरी कॅमेऱ्यात चुकून येतं. चेहरा दिसला नाही तरी चालेल. साचा घ्यायला अजून पंधरा-वीस दिवस आहेत, तोवर माती ओली ठेवते.